साडेसातीपेक्षा लांब रांग
ग्रीन कार्डाच्या वाटेवर नोकरी आणि गाव बदलताना

मैत्रिणींनो, शनिवारी शनिशिंगणापूरला गेलात, आणि त्यातून अमावस्या असली, तर दर्शनाच्या रांगेत तुमच्या-आमच्यासारख्या पुष्कळ बायका दिसतात. कुणाला दुखण्याची काळजी, कुणाला मुलीच्या लग्नाची, कुणाला कोर्टातल्या दाव्याची. आणि हल्ली त्यात आणखी एक काळजी येऊन मिसळली आहे. मुलगा अमेरिकेत आहे, नोकरी चांगली आहे, सून सुगरण आहे, नातवंडे गोड आहेत, पण ते ग्रीन कार्ड काही होत नाही!

साडेसातीचे एक बरे असते. ती कितीही कडक असली तरी साडेसात वर्षांनी उतरते हे ठाऊक असते. नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांची रांग मात्र त्याहूनही लांब आहे. दहा-दहा, बारा-बारा वर्षे माणसे थांबलेली आहेत. एवढ्या वर्षांत मूल शाळेत जाऊन कॉलेजच्या दारात येते. मग त्या काळात नोकरी बदलावी लागणार नाही का? गाव बदलावे लागणार नाही का? लागतेच. आणि एखाद्या रविवारी फोन येतो, “आई, मी नोकरी बदलतोय. आम्ही न्यूजर्सी सोडून टेक्सासला चाललोय.” आपण इकडे विचारतो, “अरे, मग कार्डाचं काय?” तिकडून उत्तर येते, “ते तुला नाही कळायचं.”

का नाही कळायचे? रेशनकार्डावर नाव चढवण्यापासून सात-बाऱ्यावर वारस लावण्यापर्यंत सगळे कागद आपणच निस्तरले ना? हेही कळते. जरा नीट बसून समजून घेऊ या.

रांग एवढी लांब का?

अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर द्यायच्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ठरवली. त्यात बायको आणि मुलेही मोजली जातात. म्हणजे चौघांचे कुटुंब असेल तर चार कार्डे खर्ची पडली. शिवाय कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा सहसा मिळत नाही. गंमत अशी, की आइसलंडसारख्या चिमुकल्या देशाला जी मर्यादा तीच आपल्या भारताला! अर्ज करणारे आपले लोक मात्र लाखांनी. वरच्या गटांतून उरलेली कार्डे कधीकधी आपल्याकडे वळतात, पण तहान मोठी आणि भांडे लहान अशी गत होते.

म्हणून कुणी जुन्या नातेवाइकांचा दाखला देऊ लागले तर ऐकून सोडून द्यावे. “आमचा भाऊ गेला तेव्हा लगेच कार्ड झालं होतं,” असे एखाद्या आजी सांगतात, ते खोटे नसते. १९६५ च्या कायद्यानंतर जे डॉक्टर-इंजिनियर गेले त्यांच्या वेळी आपल्या लोकांची गर्दी नव्हती. कित्येक जण तर इथूनच कार्ड घेऊन गेले. आजच्या मुलाची त्यांच्याशी तुलना करणे म्हणजे पहाटे बाजारात गेलेल्या आणि दुपारी गेलेल्या बाईच्या पिशव्या शेजारी ठेवून बघण्यासारखे आहे.

तीन पायऱ्या

ही वाट तीन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी, कामगार खात्याचा दाखला. मुलाची कंपनी जाहिरात देऊन दाखवते की या कामाला योग्य असा तिथला माणूस मिळाला नाही. मार्च २००५ पासून ही पद्धत ‘पर्म’ या नावाने चालते. हा दाखला एका कंपनीचा, एका कामाचा आणि एका गावाचा असतो. ही तिन्ही नावे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील. कंपनी या दाखल्यासाठी अर्ज टाकते तो दिवस म्हणजे मुलाची ‘प्रायॉरिटी डेट’, रांगेतला त्याचा नंबर.

दुसरी पायरी, कंपनीचा अर्ज. त्याला आय-१४० म्हणतात. तो मंजूर झाला की रांगेतला नंबर पक्का झाला असे समजा.

तिसरी पायरी, मुलाचा, सुनेचा आणि तिकडे न जन्मलेल्या मुलांचा स्वतःचा अर्ज, आय-४८५. (तिकडे जन्मलेले नातवंड जन्मानेच नागरिक झालेले असेल, तर त्याला हे काही लागत नाही.) हा अर्ज नंबर आल्याशिवाय टाकता येत नाही. नंबर कुठवर आला ते तिकडचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढून सांगते. तारीख पुढे सरकते, थांबते, आणि कधीकधी चक्क मागेही जाते बरे का! तेव्हा एका महिन्याच्या बातमीवर पेढे वाटू नयेत आणि एका महिन्याच्या बातमीवर डोळ्यांना पदरही लावू नये.

नोकरी बदलली तर काय बुडते?

हे सगळे मुलगा कोणत्या पायरीवर उभा आहे त्यावर अवलंबून आहे.

तो पहिल्या पायरीवर असेल आणि नोकरी सोडली, तर दाखला कंपनीबरोबर गेला. नव्या कंपनीने पुन्हा श्रीगणेशा करायचा. नंबरही नवा. या टप्प्यावर घाई परवडत नाही, कारण या पहिल्याच पायरीला अलीकडे वर्षाहून अधिक काळ लागू लागला आहे. एच-१ व्हिसाची मूळ मुदत सहा वर्षांची. पाचवे वर्ष संपायच्या आत दाखल्याचा अर्ज पडलेला असला तर पुढे मुदत वाढवून घेणे सोपे जाते.

दुसरी पायरी पार झाली असेल, तर गोष्ट निराळी. नव्या कंपनीला दाखला आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, पण रांगेतला जुना नंबर मुलाचाच राहतो. कष्ट पुन्हा, खर्च पुन्हा, पण वर्षे वाया जात नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये लागू झालेल्या नियमाने आणखी एक आधार दिला. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीने रागाने तो मागे घेतला तरी केवळ तेवढ्याने तो रद्द होत नाही. एच-१ ची मुदत तीन-तीन वर्षांनी वाढवून घेण्यासाठी तो कामी येतो. म्हणून या टप्प्यावर मुलाला विचारायचा प्रश्न एकच : “१८० दिवस झाले का रे?” झाले नसतील आणि नवी कंपनी थांबायला तयार असेल, तर काही आठवडे कळ काढण्यात शहाणपण आहे.

तिसऱ्या पायरीवर तर खुद्द कायदाच पाठीशी आहे. ऑक्टोबर २००० मध्ये झालेल्या कायद्याने असे ठरवले, की आय-४८५ पडून १८० दिवस झाले आणि अजून निकाल लागला नसेल, तर माणूस त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामाची नवी नोकरी धरू शकतो. दाखला पुन्हा नको, आय-१४० पुन्हा नको. मात्र काम ‘तसेच’ हवे. प्रोग्रॅमर असलेल्याने दुसरीकडे प्रोग्रॅमरचे काम धरले तर ठीक. त्याने उद्या उपाहारगृह काढायचे म्हटले, तर सगळा डोलारा कोसळायचा. हे वकिलाला विचारूनच करावे.

आणि नोकरी आपण सोडली नाही, तिनेच आपल्याला सोडले तर? एच-१ वाल्याला त्या २०१७ च्या नियमाने जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आधीच व्हिसाची मुदत संपत असेल तर त्याहूनही कमी. तेवढ्यात नवी कंपनी मिळून तिने अर्ज टाकला पाहिजे, नाहीतर दुसरी काही सोय लावली पाहिजे, नाहीतर गाशा गुंडाळून परत. घराचे हप्ते, मुलांची शाळा, गाडी, सगळे त्या ६० दिवसांत बसवायचे! अशा वेळी तो फोनवर तुटक बोलला तर मनावर घेऊ नका.

गाव बदलले तर?

आपल्याकडे बदली झाली की सामान ट्रकमध्ये घातले, शाळेचा दाखला काढला, गॅसचे कार्ड बदलले, संपले. तिकडे तसे नाही. मघा सांगितले ना, दाखला एका गावाचा असतो? कंपनी तीच, पगार तोच, पण रोज जाऊन-येऊन करता येणार नाही इतक्या लांबच्या शहरात कायमचे काम गेले, तर दाखला बहुधा नव्याने काढावा लागतो. आय-१४० मंजूर असल्यास नंबर तेवढा राहतो. एच-१ चा कागदही एप्रिल २०१५ मधल्या एका निकालापासून अशा स्थलांतराआधी सुधारून घ्यावा लागतो. आय-४८५ चे १८० दिवस झालेल्यांना मात्र गावाची अट आड येत नाही.

घरातून काम करणाऱ्यांनीही हे विसरू नये. “आता ऑफिसला जायचंच नाही, मग स्वस्त गावात राहू,” असे म्हणून परस्पर घर हलवणे धोक्याचे. आधी कंपनीच्या वकिलाला विचारावे, मग घरमालकाला नोटीस द्यावी.

आणि एक काम असे, की जे सुनेने आपल्या अंगावर घ्यावे : नवा पत्ता १० दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला कळवणे. तोही घरातल्या प्रत्येक परदेशी माणसाचा वेगळा. टपाल खात्यात पत्ता बदलला एवढ्यावर भागत नाही. बोटांचे ठसे द्यायला बोलावणारे पत्र जुन्या घरी गेले आणि तारीख चुकली, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाऊ शकते. दहा वर्षांची तपश्चर्या, आणि बुडाली एका पाकिटापायी!

सुनेची नोकरी, सुनेचे मन

नवऱ्याच्या एच-१ वर आलेली बायको एच-४ वर असते. शिकलेली, इथे कमावती असलेली मुलगी तिकडे जाऊन वर्षानुवर्षे घरात बसे. २६ मे २०१५ पासून नियम बदलला. नवऱ्याचा आय-१४० मंजूर असेल, किंवा ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपलीकडे मुदत मिळालेली असेल, तर एच-४ वाली बायको कामाचा परवाना मागू शकते. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या गुढीपाडव्याला, मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयापाठोपाठ शिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला. दोन्हीकडे आत जायला मिळाले ते बायका मागत राहिल्या म्हणून.

पण हे ध्यानात घ्या, की सुनेचा परवाना नवऱ्याच्या कागदाला बांधलेला आहे. त्याने १८० दिवस व्हायच्या आत नोकरी सोडली आणि जुन्या कंपनीने आय-१४० मागे घेतला, तर तिच्या नोकरीवरही गदा येते. म्हणून “नोकरी बदलू का?” हा प्रश्न एकट्या मुलाचा नाही, दोघांचा आहे. आपण सासूबाईंनी एवढेच विचारावे, “तिच्याशी बोललास का?” तसेच परवान्याचे नूतनीकरण मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून मागता येते. ऑक्टोबर २०२५ अखेरीस, नूतनीकरणाचा अर्ज टाकला की आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद केली गेली. तेव्हा “बघू पुढच्या महिन्यात” हे धोरण नको.

नातवंडांचे वय

लहानपणी इथून नेलेले मूल आईबापांच्या अर्जावर असते ते २१ वर्षांचे होईपर्यंतच. वय ओलांडले की ते रांगेतून बाहेर पडते. २००२ च्या एका कायद्याने थोडी सवलत दिली आहे. आय-१४० निकालाविना पडून होता तेवढे दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. पण काही महिन्यांच्या सवलतीने दहा वर्षांची रांग कशी भरून निघणार? म्हणून मूल १५-१६ वर्षांचे झाले की नोकरीबदलाचा विचार त्याच्या वयाचा हिशेब मांडूनच करावा. इथे रांगेतला जुना नंबर सांभाळणे सगळ्यात महत्त्वाचे.

फुलांची एक गोष्ट

सगळे नियमच ऐकून कंटाळला असाल, तर एक खरी हकिगत ऐका. जुलै २००७ च्या बुलेटिनमध्ये अचानक जाहीर झाले, की नोकरीच्या जवळजवळ सगळ्या गटांचे नंबर आले, अर्ज टाका! लोकांनी प्रवास सोडले, इथल्या आईवडिलांना जन्मदाखल्यासाठी धावायला लावले, डॉक्टरांकडे रांगा लावल्या. आणि २ जुलैला सांगण्यात आले, की कार्डे संपली, अर्ज घेणार नाही. आपल्या लोकांनी काय करावे? आदल्या वर्षी आलेला ‘लगे रहो मुन्नाभाई’ सगळ्यांनी पाहिलेला. त्यांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांच्या नावे फुलांचे गुच्छ पाठवले, शेकड्यांनी! संचालकांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पाठवून दिली. १७ जुलैला सरकारने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. त्या महिन्यात ज्यांचा अर्ज आत गेला, ते १८० दिवसांनी नोकरी बदलायला मोकळे झाले. ज्यांच्या कागदांत एखादा दाखला कमी पडला, ते अडकले.

यातून आपण काय शिकायचे? कागद आधीच तयार हवेत. आणि ते काम बरेचसे इकडे, आपल्या हातात आहे.

आपण इथून काय करावे?

१. जन्मदाखला : मुलाचा, सुनेचा आणि इकडे जन्मलेल्या नातवंडांचा जन्मदाखला ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून आजच काढा. जुन्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते, नुसते ‘मुलगा’ एवढेच. नाव चढवून घ्या. नोंदच नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे लागतात. ती माणसे आज आहेत तोवर करून ठेवलेली बरी.

२. नावांचा मेळ : आपल्याकडे लग्नात मुलीचे नावच बदलण्याची रीत. जन्मदाखल्यात एक, पासपोर्टवर दुसरे, लग्नाच्या नोंदीत तिसरे! आईचे नाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे. हे सगळे एकीचेच आहे असे प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद असेल तर तीही ठेवा.

३. विवाह नोंदणी : लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम पुरत नाही. रीतसर नोंदणीचा दाखला हवा.

४. भाषांतर : मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर, करणाऱ्याच्या सही-दाखल्यासह जोडावे लागते.

५. येण्या-जाण्याचा आग्रह : आय-४८५ पडलेला असताना ‘ॲडव्हान्स परोल’ नावाच्या परवानगीशिवाय देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे मानतात. चालू एच-१ आणि एच-४ वाल्यांना यात सूट आहे, पण पासपोर्टवरचा शिक्का संपला असेल तर परतताना मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळवावी लागते. तेव्हा “बारशाला आलाच पाहिजेस” असा हट्ट धरू नका. दुखणे-बिखणे मात्र लपवू नका. वेळेवर कळले तर तातडीची परवानगी मागता येते.

६. सल्ला वकिलाचाच : नियम फार लवकर बदलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून नव्याने येणाऱ्या एच-१ साठी १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले आणि घरोघरी धास्ती पसरली. तिथेच राहून रीतसर मालक बदलणाऱ्यांना ते लागत नाही, असा खुलासा पुढच्याच महिन्यात झाला. पण त्या दरम्यान मोबाईलवरच्या निरोपांनी किती जणींची झोप उडवली!

मुलगी देताना

मुलींच्या आयांसाठी दोन शब्द. स्थळ सांगून येते, “मुलाचं ग्रीन कार्ड लवकरच होणार आहे.” यावर खूश होण्याआधी थांबा. मुलाला कार्ड मिळण्यापूर्वी लग्न झाले, तर मुलगी त्याच्याच नंबरावर कार्ड मिळवू शकते. तोवर एच-४ वर जाऊन राहूही शकते. पण कार्ड मिळाल्यानंतर लग्न झाले, तर एच-४ ची वाट बंद होते आणि मुलीला वेगळ्या रांगेत उभे राहावे लागते. तिकडे तो आणि इकडे ही, असा काळ वर्षा-वर्षांचा होऊ शकतो. तेव्हा पत्रिकेतला मंगळ आणि शनी पाहालच, पण आय-१४० आणि तारीखही विचारा. त्यात संकोच कसला? शेती किती आणि कर्ज किती हे आपण विचारतोच की!

शिंगणापुरात परंपरेने घरांना चौकटी असतात, दारे नसतात. कुलपावाचून चालणाऱ्या त्या गावात २०११ साली बँकेची शाखासुद्धा कुलपाविना निघाली. सगळे जग असे नसते. जिथे दार आहे, तिथे त्याच्या किल्ल्या नीट सांभाळाव्या लागतात, आणि या दाराच्या किल्ल्या म्हणजे तारीख, पत्ता आणि कागद.

म्हणून पुढच्या रविवारी फोन आला, की “कार्ड झालं का?” हे विचारू नका. त्याचे उत्तर त्याच्याकडे नसते आणि प्रश्न टोचतो. त्याऐवजी विचारा, “कोणत्या पायरीवर आहेस? दिवस किती झाले? पत्ता कळवलास का? आणि माझ्याकडून कुठला कागद हवाय?” पाहा, तिकडचा आवाज कसा बदलतो ते.